बाळाच्या कवटीची शिवण वेळेआधी जुळते तेव्हा

बाळाची टाळू भरली की नाही, याकडे घरातल्या सगळ्यांचं लक्ष असतं. त्या टाळूला येऊन मिळणाऱ्या शिवणींकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. दर दोन ते अडीच हजार जन्मांमागे साधारण एका बाळात यांपैकी एखादी शिवण पोटात असतानाच किंवा जन्मानंतर लगेच हाडाने भरून जाते. या आजाराला क्रेनिओसिनोस्टोसिस म्हणतात. नाव अवघड असलं तरी कवटीत नेमकं काय बिघडतं ते कुणालाही समजण्यासारखं आहे. आईबापांना ते पहिल्या दोन-तीन महिन्यांत समजलं, तर उपचाराचे सगळे मार्ग खुले असतात. सहा महिने उलटले की त्यांतला सगळ्यात हलका मार्ग बहुधा बंद झालेला असतो.

जन्माच्या वेळी कवटी एकसंध नसते. पुढे कपाळाची दोन हाडं, त्यामागे माथ्याची दोन, अगदी मागे एक आणि दोन्ही बाजूंना कानशिलांची, अशी ती सुट्या हाडांची बनलेली असते. हाडांच्या मधल्या तंतुमय पट्ट्या म्हणजे शिवणी. कपाळाच्या मधोमध उभी असते ती मेटॉपिक. माथ्यावर पुढून मागे जाते ती सॅजिटल. पुढच्या टाळूपासून दोन्ही कानांच्या दिशेने उतरतात त्या दोन कोरोनल आणि मागच्या बाजूला असतात त्या दोन लॅम्बडॉइड. या शिवणी जिथे एकत्र येतात तिथे मोकळी जागा राहते, तीच टाळू. मागची छोटी टाळू दोन-तीन महिन्यांत भरते. पुढची मोठी टाळू बहुतेक बाळांत एक ते दीड वर्षाच्या सुमारास भरते, काहींत दोन वर्षंही लागतात.

शिवणींमुळे प्रसूतीच्या वेळी हाडं एकमेकांवर थोडी सरकतात आणि डोकं जन्ममार्गातून बाहेर येऊ शकतं. म्हणूनच काही बाळांचं डोकं जन्मतः लांबुळकं किंवा वेडंवाकडं दिसतं आणि काही दिवसांत आपोआप सरळ होतं. पण शिवणींचं मोठं काम त्यानंतर सुरू होतं. पहिल्या वर्षात मेंदूचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. डोक्याचा घेर पहिले तीन महिने दर महिन्याला साधारण २ सेंटिमीटर, पुढचे तीन महिने १ सेंटिमीटर आणि त्यानंतर अर्धा सेंटिमीटर असा वाढत जातो. वर्षभरात ही वाढ १२ सेंटिमीटरच्या आसपास भरते. दोन वर्षांचं होईपर्यंत मुलाच्या मेंदूने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकार गाठलेला असतो. आत मेंदू वाढतो, त्याच्या रेट्याने शिवण ताणली जाते आणि तिच्या दोन्ही काठांवर नवं हाड तयार होत जातं. कवटी मोठी होते ती अशी.

आता यांतली एक शिवण बंद झाली असं समजा. मेंदूची वाढ काही थांबत नाही. १८५१ मध्ये जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिरखो यांनी एक नियम मांडला, तो आजही डॉक्टर पहिल्यांदा आठवतात. जुळलेल्या शिवणीच्या काटकोनात कवटीची वाढ अडते आणि उघड्या शिवणींच्या जोरावर ती दुसऱ्या दिशेने जास्त होते. ओल्या मातीचा गोळा दोन तळहातांमध्ये दाबला की तो जसा पुढेमागे लांबतो, तसंच इथे घडतं. हा नियम लक्षात ठेवला की डोक्याच्या आकारावरून कोणती शिवण जुळली असेल याचा अंदाज बांधता येतो. अनुभवी डॉक्टर बऱ्याचदा बाळाकडे बघूनच तो बांधतात.

सगळ्यात जास्त वेळा जुळते ती माथ्यावरची सॅजिटल शिवण. एकूण रुग्णांपैकी जवळपास निम्म्या बाळांत हाच प्रकार दिसतो आणि मुलींपेक्षा मुलांत तो तिपटीहून जास्त आढळतो. माथा रुंद व्हायचा थांबतो, त्यामुळे डोकं अरुंद आणि लांब होतं. कपाळ पुढे येतं, मागचा भाग मागे निघतो. बोटाची टोकं माथ्याच्या मधल्या रेषेवरून पुढून मागे हलकेच फिरवली की त्वचेखाली एक कडक, उंच धार लागते. उघडी शिवण अशी लागत नाही. तिथे हाडांचे दोन काठ वेगवेगळे जाणवतात आणि डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी अंगठ्याने हलकं दाबलं तर ते किंचित हलतात. डोक्याची रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर, असा एक साधा निर्देशांकही काढतात. बहुतेक बाळांत तो ७५ ते ८५ च्या आसपास असतो. सॅजिटल शिवण जुळलेल्या बाळांत तो बऱ्याचदा ७० किंवा त्याखाली जातो.

इथे दोन फसगती होतात आणि दोन्हींमुळे मोलाचे महिने वाया जातात. पहिली मोजपट्टीची. डोकं लांब होत असल्यामुळे घेर कमी भरत नाही, उलट तो नेहमीपेक्षा थोडा जास्तच असू शकतो. वाढीच्या तक्त्यावर रेषा सरळ वर जाताना दिसते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. दुसरी टाळूची. सॅजिटल शिवण पूर्ण जुळलेली असूनही पुढची टाळू उघडी राहू शकते. त्यामुळे टाळू अजून भरली नाही, म्हणजे शिवणी उघड्या आहेत, असं धरून चालता येत नाही. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. टाळू जरा लवकर भरली, पण डोक्याचा आकार नेहमीसारखा आहे आणि घेर वयाप्रमाणे वाढतो आहे, तर बहुतेक वेळा काळजीचं काही नसतं. डॉक्टर घेर मोजत राहतात, एवढंच.

मेटॉपिक शिवण लवकर जुळली तर कपाळाच्या मधोमध उभा कंगोरा येतो, कपाळ दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखं होतं आणि डोळे एकमेकांजवळ आल्यासारखे वाटतात. वरून पाहिलं तर डोक्याचा पुढचा भाग त्रिकोणी दिसतो. ही एकच शिवण अशी आहे की ती तीन ते नऊ महिन्यांच्या दरम्यान निसर्गतःच जुळते. त्यामुळे नुसता कंगोरा हाताला लागतो, पण कपाळ रुंद आणि गोल आहे, अशा पुष्कळ बाळांना शस्त्रक्रियेची मुळीच गरज नसते.

एका बाजूची कोरोनल शिवण जुळली तर खूण चेहऱ्यावर उमटते. त्या बाजूचं कपाळ सपाट होतं, डोळ्याची खोबण वर ओढली जाते, भुवई उंच दिसते आणि नाकाचं मूळ त्याच बाजूला झुकतं. गंमत अशी की नातेवाइकांना बऱ्याचदा दुसरी बाजू चुकीची वाटते, कारण तिथलं कपाळ जास्त पुढे आलेलं असतं. तिरळेपणा आणि चष्म्याचा नंबर या बाळांत जास्त आढळतो, म्हणून डोळ्यांची तपासणी चुकवता कामा नये. दोन्ही कोरोनल जुळल्या तर डोकं आखूड, रुंद आणि उंच होतं. अशा वेळी त्यामागे एखादा जनुकीय आजार आहे का, हे शोधावंच लागतं. लॅम्बडॉइड शिवण जुळणं फार विरळ आहे.

झोपण्यामुळे आलेला चपटेपणा वेगळा

ज्यांच्या मनात शंका येते, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाळांना हा आजार नसतो. एकाच कुशीवर किंवा एकाच बाजूला मान वळवून झोपल्यामुळे डोकं मागून चपटं होतं आणि हे कितीतरी पटींनी जास्त आढळतं. १९९२ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळांना पाठीवर झोपवण्याची शिफारस केली. झोपेत अचानक होणारे बालमृत्यू त्यामुळे खूप कमी झाले, पण मागून चपटी डोकी वाढली. ती शिफारस आजही तितकीच योग्य आहे. डोकं गोल राहावं म्हणून बाळाला पालथं झोपवणं धोक्याचं आहे. पालथं घालायचं ते बाळ जागं असताना आणि कुणीतरी समोर असतानाच.

फरक ओळखायचा तर डोक्याकडे वरून बघायला हवं. झोपण्यामुळे डोकं चपटं झालं असेल तर त्या बाजूचा कान आणि कपाळ दोन्ही पुढे सरकलेले दिसतात. वरून पाहिलं तर समांतरभुज चौकोनासारखा आकार दिसतो. लॅम्बडॉइड शिवण जुळली असेल तर त्या बाजूचा कान बहुधा मागे किंवा खाली ओढलेला असतो, कानामागचं हाड फुगलेलं असतं आणि आकार समलंब चौकोनाकडे झुकतो. दुसरी महत्त्वाची खूण काळाची आहे. झोपण्यामुळे आलेला चपटेपणा जन्मानंतर काही आठवड्यांनी दिसू लागतो आणि बाळ मान धरायला, बसायला लागलं की कमी होत जातो. जुळलेल्या शिवणीचा आकार बहुधा जन्मापासून असतो आणि दर महिन्याला ठळक होत जातो.

म्हणून माझा आग्रह एकाच साध्या गोष्टीचा आहे. आंघोळीनंतर केस ओले आणि चापून बसलेले असताना बाळाच्या डोक्याचा बरोबर वरून एक फोटो काढा, नाकाचा शेंडा आणि दोन्ही कान त्यात दिसले पाहिजेत. एक समोरून आणि एक बाजूने काढा. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा काढा. रोज बघणाऱ्या डोळ्यांना बदल जाणवत नाही, पण शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन फोटोंत तो स्पष्ट दिसतो. डॉक्टरांनाही या फोटोंचा उपयोग होतो. आकार सुधारत असेल तर थांबायला हरकत नाही. तसाच असेल किंवा वाढत असेल, तर ‘मोठं झालं की होईल नीट’ या आश्वासनावर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांकडून बाळांच्या मेंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्या न्यूरोसर्जनकडे किंवा कवटी व चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाकडे चिठ्ठी मागून घ्या.

झोपण्यामुळे चपट्या झालेल्या डोक्याला आकार देण्यासाठी खास बनवलेलं हेल्मेट वापरावं का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या बाळांच्या डोक्यांत दोन वर्षांच्या वयात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. अगदी तीव्र प्रकारची बाळं त्या अभ्यासात नव्हती, हेही सांगायला हवं. मानेचा स्नायू आखडला असेल तर फिजिओथेरपी मात्र जरूर करावी.

जुळलेली शिवण कोणत्याही हेल्मेटने, दाबून, चोळून किंवा औषधाने उघडत नाही. ती उघडायला शस्त्रक्रियाच लागते.

निदान आणि शस्त्रक्रियेची गरज

निदान प्रामुख्याने हात आणि डोळे करतात. पहिल्या काही महिन्यांत कुशल हातांनी केलेल्या सोनोग्राफीत शिवण उघडी आहे की बंद, हे कळू शकतं आणि त्यात किरणोत्सर्ग नसतो. शस्त्रक्रिया ठरवायची असेल तर कमी मात्रेचा सीटी स्कॅन करून कवटीची त्रिमितीय प्रतिमा काढतात. त्यात जुळलेल्या शिवणीच्या जागी सलग हाड दिसतं. झोपण्यामुळे डोकं चपटं झालंय हे तपासणीत स्पष्ट असेल, तर सीटी स्कॅनची गरज नसते. नुसत्या मनाच्या समाधानासाठी तान्ह्या बाळाला किरणोत्सर्ग देऊ नये.

शस्त्रक्रियेची दोन कारणं आहेत. एक म्हणजे मेंदूवरचा दाब. एकच शिवण जुळलेल्या बाळांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांत कवटीच्या आत दाब वाढलेला आढळतो. जास्त शिवणी जुळल्या असतील तर ही शक्यता बरीच वाढते. सततची किरकिर, उलट्या, फुगलेली टाळू, खाली ओढल्यासारखी नजर आणि मोठ्या मुलांत सकाळची डोकेदुखी ही त्याची लक्षणं आहेत. पण कित्येकदा बाहेरून काहीच दिसत नाही आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावरची सूज तपासल्यावरच दाब कळतो. दुर्लक्ष झालं तर दृष्टी कायमची जाऊ शकते. दुसरं कारण डोक्याच्या आणि चेहऱ्याच्या आकाराचं आहे. ते निव्वळ दिसण्यापुरतं आहे, असं म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. आकार वयानुसार वाढत जातो आणि त्या मुलाला त्याच चेहऱ्याने शाळेत जायचं असतं.

एक शिवण जुळलेली बहुतेक मुलं नेहमीसारखी शिकतात. काहींना बोलण्यात किंवा शिकण्यात थोड्या अडचणी येतात आणि त्यांचं प्रमाण इतर मुलांपेक्षा थोडं जास्त असतं. शस्त्रक्रियेने बुद्धी वाढते असं कुणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

या शस्त्रक्रियेचा इतिहास वेदनादायक आहे. १८९० मध्ये पॅरिसचे लॅनलाँग यांनी आणि १८९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे लेन यांनी शिवणीची पट्टी कापून काढण्याच्या शस्त्रक्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्या काळी कवटी लहान म्हणून मेंदू लहान राहतो, असा समज होता. मग ज्यांचा मेंदूच मुळात वाढत नव्हता अशा मुलांवरही हीच शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागली. पुष्कळ मुलं दगावली आणि हा मार्ग काही दशकं बदनाम झाला. आजही डॉक्टर हा फरक आधी तपासतात. मेंदू वाढतो आहे आणि शिवण त्याला अडवते आहे, की मेंदूच वाढत नाही म्हणून शिवणी जुळल्या? दुसऱ्या प्रकारात कवटी उघडून काहीही साधत नाही.

शस्त्रक्रिया कोणती, हे वय ठरवतं

बाळ तीन-चार महिन्यांचं असेल तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करता येते. ही पद्धत अमेरिकेतले हिमेनेझ आणि बरोन यांनी १९९० च्या दशकात रूढ केली. सॅजिटल शिवणीसाठी माथ्यावर दोन-तीन सेंटिमीटरचे दोन छेद घेतात, एक टाळूच्या मागे आणि एक डोक्याच्या मागच्या बाजूला. दुर्बीण आधी त्वचेखाली आणि मग हाडाखाली सरकवतात. सर्जन मेंदूचं आवरण हाडापासून अलगद सोडवत जातात. यात सगळी दक्षता घ्यावी लागते, कारण सॅजिटल शिवणीच्या बरोबर खाली मेंदूतलं रक्त वाहून नेणारी मोठी नीला असते. मग जुळलेल्या हाडाची पट्टी कापून छेदातून बाहेर काढतात. या वयात हाड पातळ आणि मऊ असतं, कात्रीनेही कापता येतं. तासाभराचं काम असतं आणि बहुतेक बाळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातात.

खरी मेहनत त्यानंतर घरी सुरू होते. मापाने बनवलेलं हेल्मेट रोज सुमारे २३ तास घालावं लागतं, कित्येक महिने, अनेकदा वर्षाचं होईपर्यंत. हेल्मेट डोकं आवळत नाही. जिथे वाढ नको तिथे ते टेकतं आणि जिथे हवी तिथे जागा मोकळी ठेवतं, आणि वाढणारा मेंदू ती जागा भरून काढतो. डोकं वाढेल तसं हेल्मेट बदलावं लागतं, त्वचा लाल होते का ते रोज बघावं लागतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या लॉरिट्झेन यांनी दुसरी युक्ती शोधली. हाड कापून त्या फटीत छोट्या स्टीलच्या स्प्रिंगा बसवायच्या, त्या हळूहळू हाडं दूर सारतात. यात हेल्मेट लागत नाही, पण काही महिन्यांनी स्प्रिंगा काढायला दुसरी छोटी शस्त्रक्रिया करावी लागते.

सहा महिन्यांनंतर हाड जाड होतं आणि मेंदूच्या वाढीचा वेग मंदावतो, त्यामुळे नुसती पट्टी काढून भागत नाही. मग कवटी उघडून हाडांचा आकारच बदलावा लागतो. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत नागमोडी छेद घेतात, म्हणजे पुढे केसांत वण दिसत नाही. मेटॉपिक आणि कोरोनल प्रकारांत कपाळाचं हाड आणि डोळ्यांच्या खोबणीची वरची कड सुटी काढून, घडवून, पुढे आणून बसवतात. ती धरून ठेवायला कालांतराने शरीरात विरघळणाऱ्या पट्ट्या आणि स्क्रू वापरतात. कवटी आणि चेहऱ्यावर एकत्र शस्त्रक्रिया करण्याचा पाया १९६० च्या दशकात फ्रान्सचे पॉल टेसिए यांनी घातला.

या शस्त्रक्रियेला काही तास लागतात आणि सगळ्यात मोठी काळजी रक्ताची असते. बाळाच्या अंगात दर किलो वजनामागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असतं. आठ किलोच्या बाळाच्या अंगात साधारण ६४० मिलिलिटर. मोठ्या माणसाला किरकोळ वाटणारा रक्तस्राव इथे जिवावर बेतू शकतो. म्हणून भूलतज्ज्ञ लहान बाळांच्या भुलेत तयार झालेले असावे लागतात, रक्त आधीच जुळवून ठेवतात आणि रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देतात. हॉस्पिटल निवडताना अशी किती शस्त्रक्रिया तुमच्याकडे होतात, असं विचारायला संकोच वाटू देऊ नका. सरावलेल्या पथकांच्या हातात मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याहून बरंच कमी आहे.

एक गोष्ट आईबापांना आधीच सांगायला हवी आणि ती अनेकदा राहून जाते. कपाळाच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा इतका सुजतो की दोन्ही पापण्या पूर्ण मिटतात. बाळाला दिसत नाही, म्हणून ते घाबरतं. त्या दोन दिवसांत सतत जवळ बसून बोलत राहावं, अंगाला हात लावून ठेवावा, कारण बाळाला आवाज आणि स्पर्श कळतो. मग एक डोळा किलकिला होतो, पाठोपाठ दुसरा. आठवड्याभरात बरीचशी सूज उतरते.

हे कशामुळे होतं

बहुतेक बाळांत कारण सापडत नाही. गर्भात जागा अपुरी पडणं, जुळी बाळं, आईचा वाढलेला थायरॉइड आणि गरोदरपणात घेतलेलं व्हॅलप्रोएट हे फिट्सवरचं औषध यांच्याशी संबंध आढळला आहे, पण एखाद्या बाळाच्या बाबतीत बोट ठेवता येईल असं क्वचितच काही असतं. आई कशी झोपली, किती चालली याने बाळाच्या शिवणी जुळत नाहीत. हे आईला एकदा सांगून पुरत नाही, कारण ती स्वतःलाच पुन्हा पुन्हा विचारत राहते. अचानक थांबवू नये अशा औषधांपैकी व्हॅलप्रोएट हे एक आहे, त्यामुळे ते घेणाऱ्या बाईने गरोदरपणाच्या विचाराआधीच डॉक्टरांशी बोलावं, स्वतःहून बंद करू नये.

साधारण पाचातल्या एका बाळात हा आजार मोठ्या जनुकीय सिंड्रोमचा भाग असतो. एफजीएफआर२, एफजीएफआर३ आणि ट्विस्ट१ या जनुकांमधले बदल त्यात प्रमुख आहेत. एपर्ट सिंड्रोममध्ये हातापायांची बोटं एकमेकांना जुळलेली असतात. क्रूझॉनमध्ये हातपाय नेहमीसारखे असतात, पण चेहऱ्याचा मधला भाग मागे राहतो, डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात आणि झोपेत श्वास अडू शकतो. या मुलांना मोठं होईपर्यंत टप्प्याटप्प्याने अनेक शस्त्रक्रिया लागतात. त्यांच्यासाठी न्यूरोसर्जन, प्लास्टिक सर्जन, डोळ्यांचे, कानांचे, दातांचे आणि जनुकांचे तज्ज्ञ एकाच पथकात असणं गरजेचं आहे.

पुढच्या बाळाचं काय, हा प्रश्न आईबाप उशिरा आणि दबक्या आवाजात विचारतात. एकच शिवण जुळली असेल, बाकी सगळं ठीक असेल आणि घरात कुणाला हा आजार नसेल, तर पुढच्या बाळाला धोका कमीच असतो. एपर्ट किंवा क्रूझॉनसारखा आजार असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला मात्र तो होण्याची शक्यता निम्मी असते. आईबाप दोघंही निरोगी असतील आणि बाळातला बदल नव्याने घडलेला असेल, तर पुन्हा तसं होण्याची शक्यता फार कमी असते. बाळाची जनुकीय तपासणी झाल्यावर तज्ज्ञ हे नेमकं सांगू शकतात. ही तपासणी पुढच्या गरोदरपणाआधी झालेली असावी.